आठ ते नऊ अडकतं

सात महिने माझे सासरे माझ्याशी एकाच विषयावर बोलत होते, आणि तो विषय म्हणजे माझी अक्कल. आठ वाजून पाच-सात मिनिटं झाली की वरच्या मजल्यावरून आरोळी यायची, "अडकलं!" मग जिन्याच्या कठड्यावरून दुसरं वाक्य, "आणि ही म्हणे लोकांची यंत्रं सांभाळते!"

सांभाळते, खरंच सांभाळते. एका मोठ्या हॉस्पिटलचे चौदा सर्व्हर माझ्या अखत्यारीत आहेत. त्यातला एक बंद पडला तर ऑपरेशन टेबलावरच्या माणसाचे रिपोर्ट दिसेनासे होतात. आजवर एकही बंद पडलेला नाही. अडकायचा तो घरचा पंधरावा.

तो जिन्याखालच्या कपाटात असतो, कोट आणि छत्र्यांच्या मागे. ऑफिसने मोडीत काढलेला जुना संगणक मी घरी आणला, गच्चीवरच्या अँटेनाची वायर त्याला जोडली. घरातल्यांनी सांगितलेले टीव्हीचे कार्यक्रम तो आपोआप रेकॉर्ड करून ठेवतो, मग ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा त्याने बघावेत. टीव्ही लावला की पडद्यावर चार गोल येतात, एकेकाच्या फोटोचे. आपला गोल दाबायचा की आपल्या आवडीनिवडी पुढे हजर. या घरात भांड्यापासून पडद्यापर्यंत सगळं सासूबाईंच्या पसंतीचं आहे. माझं म्हणावं असं हे एवढंच. सासरे त्याला 'खोकं' म्हणतात.

सासरे म्हणजे बाबा चाळीस वर्षं ध्वनिमुद्रक होते. स्टुडिओत त्यांना कानसेन म्हणत, असं ते स्वतःच सांगतात. कुठल्याही खोलीत शिरले की एकदाच टाळी वाजवायची, मान तिरकी करून क्षणभर थांबायचं आणि आवाज घुमतो की नाही त्यावरून निकाल द्यायचा, "बोलकी खोली" नाहीतर "मुकी खोली". मला बघायला आले तेव्हा आमच्या दिवाणखान्यात शिरताच त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "मुकी." माझी आई घाईघाईने म्हणाली, "नाही हो, चांगली बोलते!" त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. बाबा अजून ती पाहुण्यांना सांगतात आणि शेवटी न चुकता जोडतात, "आता कळतं, मुकी असती तर बरं झालं असतं."

तर दुपारी लागणारी कोर्टाची एक मालिका बाबा रोज रात्री आठ ते नऊ वरच्या खोलीत, दार लावून बघायचे. दार का लावायचं, तर बाहेरचा आवाज आत येऊन संवादाची माती होते म्हणे. आणि ती मालिका अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला थांबायची, पडद्यावर गोल चक्र फिरायचं, मग वकिलाचं वाक्य पुढे जायचं.

खरी डोकेदुखी ही की मी लावलं तर चालायचं. तीच मालिका, तोच भाग, हॉलमधल्या टीव्हीवर, माझ्या फोनवर, पाण्यासारखा वाहायचा. मी आरोळी ऐकून धावत वर जायचे तोवर टीव्ही बंद झालेला असायचा आणि रिमोट सासूबाईंच्या हातात.

"दाखवा ना कुठे अडकतं ते."

"दाखवायला ती काय सर्कस आहे? अडकलं म्हणजे अडकलं. मी खोटं बोलतो?"

मी वरच्या खोलीपर्यंत नवी वायर टाकली. पंख्यातली धूळ काढली. डिस्क तपासली, ती ठणठणीत होती, तरी बदलली. मेमरी वाढवली. साप साप म्हणून भुई धोपटायची म्हणतात, तशी मी सात महिने धोपटत होते. नवऱ्याचं एकच पालुपद होतं, "जाऊ दे ना, वय झालंय त्यांचं." जाऊ द्यायला त्याचं काय जात होतं!

आणि त्या शुक्रवारी बाबांनी जेवणाच्या टेबलावर फर्मान काढलं. त्यांच्या जुन्या स्टुडिओवर एक कार्यक्रम झाला होता, त्यात त्यांची अर्ध्या तासाची मुलाखत होती. गुरुवारी ती टीव्हीवर लागून गेली तेव्हा आम्ही कामावर होतो आणि बाबांना ती सगळ्यांबरोबरच बघायची होती. खोक्याने रेकॉर्ड केली होती. रविवारी दुपारी नणंद आणि तिचा नवरा येणार, मग सगळ्यांनी मिळून बघायची, असं ठरलं होतं.

"रविवारी ते खोकं एकदा जरी अडकलं," बाबा म्हणाले, "तर सोमवारी भंगारात. केबल कंपनीचा डबा सांगून ठेवलाय मी. जावईबापूंशी बोललो. ते म्हणाले, बंद करून पुन्हा चालू करून बघा म्हणावं तिला."

जावईबापू सिमेंटच्या कारखान्यात आहेत. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र कुठल्याही क्षेत्राचा अनुभव लागत नाही.

मी शनिवारची रजा टाकली. कपाटातले सगळे कोट, छत्र्या, बूट बाहेर काढून कपाट रिकामं केलं आणि यंत्र पुढे ओढून जमिनीवर बसले. अकराच्या सुमारास बाबा आले, दारातच माझ्या डोक्यावर टाळी वाजवली. रिकाम्या लाकडी कपाटात ती अशी खणखणली की माझ्या कानात शिट्टी बसली. बाबांनी मान तिरकी केली.

"मुकी. कपडे फार कोंबलेत आत."

"कपडे बाहेर आहेत, बाबा. तुमच्या मागे, खुर्चीवर."

ते माझ्याकडे न बघता निघून गेले. नाकाने कांदे सोलणाऱ्याला समोरचं कपाट दिसू नये, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं.

दुपारी दोन वाजता मला माझीच लाज वाटली. हॉस्पिटलमध्ये नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगते, तक्रार ज्याची, त्याच्या खुर्चीत बसून बघ, आपल्या खुर्चीतून नाही. सात महिने मी माझाच गोल दाबून बघत होते. बाबांच्या गोलात शिरायचं कधी मनातच आलं नव्हतं. त्यांच्या खोलीत मी हाक मारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, तसंच ते. सून म्हणून वागत होते, यंत्र सांभाळणारी म्हणून नाही.

मी त्यांचं खातं उघडलं आणि यंत्राची नोंदवही काढली. यंत्र काय करतं, कधी करतं आणि कशासाठी, ते सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. रोज आठ ते नऊ एकच ओळ होती. चित्र पुन्हा तयार करणे चालू. कारण, सबटायटल.

मालिकेबरोबर खाली दाखवायची अक्षरं येतात, जे बोललं जातं ते लिहून. कुणाला हवी असतील तर लावायची. बाबांच्या खात्यात ती कायमची लावलेली होती, आणि आकार सगळ्यात मोठा. माझं जुनं यंत्र बिचारं रोज तासभर, सेकंदाला पंचवीस चित्रं, एकेक उघडून त्यावर ती अक्षरं छापत होतं आणि पुन्हा बांधून वर पाठवत होतं. धापा टाकणार नाही तर काय करणार? मी नोंदवहीत मागे मागे गेले. सबटायटल पहिल्यांदा लावले त्याच संध्याकाळी पहिली आरोळी आली होती.

ही मालिका आपल्याच भाषेतली आहे. ती वाचून बघायचं कारण एकच असू शकतं.

मग सगळं जागेवर बसायला लागलं. रिमोट कायम सासूबाईंच्या हातात का, तर माझी पावलं त्यांना ऐकू येतात, बाबांना नाही. टेबलावर कुणीही काही बोललं की सासूबाई तेच पुन्हा का म्हणतात, "ऐकलंत का, उद्या पाणी येणार नाही म्हणतोय." मुलाखतीसाठी बाबांनी प्रश्न आधी लेखी का मागवले, आणि त्याला शिस्त का म्हटलं. सकाळची टाळीसुद्धा.

कानसेनाचे कान गेले होते.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दया नंतर आली असेल, आधी आनंदच झाला. अकरा वर्षं ज्या माणसाने माझ्या तोंडाचा, हाताचा, स्वयंपाकाचा आणि आवडीच्या गाण्यांचा पाणउतारा केला, तो माझ्या मुठीत सापडला होता. मी चहा करून घेतला, दोन चमचे साखर घालून.

सासूबाई कपाटापाशी आल्या तेव्हा पडद्यावर ती ओळ उघडीच होती. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

"सापडलं का?"

"सापडलं, आई. तुम्हाला माहीत होतं."

त्या बुटांच्या स्टुलावर बसल्या. "ती अक्षरं मीच लावून दिली त्यांना. त्यानेच अडकतं हे नव्हतं माहीत, शपथ. त्यांनाही नाही. नाहीतर ओरडले असते का?"

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवून काय? मशीन लावायला सांगतील. आरशासमोर उभे राहून म्हणाले मला, हे कानात घालून मी स्टुडिओच्या दारातून आत जाऊ?" त्यांनी पदराने संगणकावरची नसलेली धूळ पुसली. "उद्या कुणापुढे काही बोलू नकोस. यंत्रच बिघडलं होतं म्हण."

"सात महिने शिव्या खाल्ल्यात मी."

"मग अजून एक दिवस खा."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बघते," एवढंच म्हणाले.

रविवारी सगळे हॉलमध्ये जमले. बाबा मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या सदऱ्यात. मी माझा गोल दाबून मुलाखत लावली. ती अर्धा तास एकदाही अडकली नाही. पडद्यावरचे बाबा देखणे दिसत होते. मुलाखत घेणारी तोंड उघडायची आणि ते हातातल्या कागदाकडे नजर टाकून रुबाबात उत्तर द्यायचे. एकदा तर तिचा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर सुरू झालं. नणंद कौतुकाने म्हणाली, "बाबा किती तल्लख आहेत अजून!" शेवटी पडद्यावरचे बाबा म्हणाले, "माणूस म्हातारा होतो. कमावलेला कान म्हातारा होत नाही."

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, आईंकडे बघून. तिथेच उठून स्वयंपाकघरात गेले असते तर ही गोष्ट झाली नसती.

पण बाबांनी हात वर केला. "पाहिलंत? आज नाही अडकलं! जावईबापूंनी फोनवर सांगितलं आणि झालं. हिला सात महिने जमलं नाही." जावईबापू नम्रपणे हसले. "यंत्र बिघडलं की आधी आवाज बदलतो. तो ओळखायला कान लागतात. पण हिला दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. कंपनीचा डबा उद्या येतोय, ते खोकं तेवढं बाहेर काढून ठेव."

ऐकू काही येत नाही! मला! जखमेवर मीठ चोळायचं म्हणजे किती? माझा तोल गेला. ओरडले मात्र नाही. राग आला की माझा आवाज उलट खाली जातो. मी जावईबापूंकडे आणि नवऱ्याकडे बघून, दातातल्या दातात म्हटलं, "यंत्र बिघडलेलंच नाही. बाबांना ऐकू येत नाही. सात महिने अक्षरं वाचून मालिका बघतायत, आणि त्या अक्षरांनीच ते अडकतं. विचारा आईंना."

नणंदेचा हात तोंडावर गेला. नवरा जमिनीकडे बघायला लागला. जावईबापूंचं हसू तसंच राहून गेलं, आवरायचं कसं ते त्यांना सुचेना.

बाबांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. आपण काहीतरी जोरदार बोललो आणि खोली गप्प झाली, एवढं त्यांना दिसत होतं. का, ते कळत नव्हतं.

"काय म्हणाली?" त्यांनी आईंना विचारलं.

या घरात शेजारच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा जिने त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं असेल, ती बाई मांडीवरच्या हातांकडे बघत बसून राहिली.

"अगं, काय म्हणाली ती?"

 बाबांची नजर माझ्या ओठांवर आली, मग नवऱ्याच्या, मग टीव्हीकडे गेली. मुलाखत संपून त्यांचाच चेहरा पडद्यावर थांबलेला होता, आणि ते पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते. सात महिन्यांची सवय. कोण काय बोललं ते तिथे लिहून येतं. तिथे काही आलं नाही.

माझा आनंद होता तिथेच मेला. मी त्यांच्या समोर गेले आणि खणखणीत आवाजात, ओठ नीट उघडून म्हणाले, "चूक माझी होती म्हटलं, बाबा!"

"हं." ते खुर्चीत मागे रेलले. "कबूल करायला सात महिने लागले. बरं, राहू दे ते खोकं. जावईबापू, डब्यावाल्याला नको म्हणून सांगा."

ते जिंकले. जेवताना दोनदा वाढून घेतलं त्यांनी. बाकी कुणाला घास गिळवेना.

त्याच संध्याकाळी मी दहा मिनिटांचं काम केलं. अक्षरं चित्रावर छापायची नाहीत, वेगळी पाठवायची, टीव्हीच ती आपली आपण लिहील, एवढंच सेटिंग. दहा मिनिटं! सोमवारी आणि मंगळवारी वरून आरोळी आली नाही. नोंदवहीत मालिका सरळ चालली होती, सबटायटल लावलेले, आकार सगळ्यात मोठा. मला वाटलं, निस्तरलं.

पण यंत्रातली चूक दुरुस्त होते तशी तोंडातून गेलेली होत नाही. आई माझ्याशी पूर्वीसारखं बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, अबोला नाही, फक्त ज्या जागी वाक्य असायचं तिथे आता "हं" असायचं. नवरा बाबांशी एकेक शब्द तोडून बोलायला लागला. नणंद रोज फोन करून इतक्या जोरात विचारायची, "बाबा! जेवलात का!" की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आणि बुधवारी जावईबापूंनी बाबांच्या फोनवर कानाच्या मशीनची जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, हल्ली ही दिसतसुद्धा नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मी कपाटात कोट परत लावत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. टाळी वाजवली नाही.

"रविवारी तू काय म्हणालीस?"

मी काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर केलं. "ओरडू नकोस. हल्ली सगळे ओरडतात. नेहमीसारखी बोल, माझ्याकडे बघून."

मी सांगितलं. शब्द न् शब्द, जसं म्हणाले होते तसं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. एवढ्या नीट त्यांनी माझं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि चूक माझी होती म्हणालीस, ते?"

"खोटं."

"म्हणजे मी जेवत होतो, आणि सगळ्यांना माहीत होतं." मला हात धरू दिला नसता त्यांनी, आणि मी पुढे केलाही नाही. "तुझी दया नको आहे मला."

"मला करायचीही नाही. सात महिने तुम्ही..."

"ती अक्षरं काढून टाक."

"बाबा, आता अडकत नाही. मी वेगळं करून दिलंय. अक्षरं ठेवूनही..."

"काढ म्हटलं ना!"

"मग कळणार काय तुम्हाला?"

"चाळीस वर्षं ऐकलंय. तुझ्या मेहेरबानीवर वाचत नाही बसणार."

त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या खात्यात जाऊन, मी सबटायटल बंद केले. त्यांनी ते झालेलं बघितलं आणि जिना चढून गेले. कठड्याला धरून, सावकाश.

याला तीन आठवडे झाले. आठला टीव्ही लागतो, नऊला बंद होतो. मी रोज नोंदवही उघडते. पूर्वी ते मध्येच दहा-वीस सेकंद मागे नेऊन एखादं वाक्य पुन्हा बघायचे. आता मागे नेत नाहीत, थांबवत नाहीत, मालिका सुरू होते आणि संपते. आईंना एकदा विचारलं, कळतं का त्यांना काही. आई म्हणाल्या, "हं."

यंत्र एकदम सुरळीत चालतंय, दोष म्हणून काढायला जागा नाही. तरी आठ वाजून सात मिनिटं झाली की मी हातातलं काम सोडून जिन्याकडे बघते. वरून कुणी ओरडत नाही.